दिवस भरत आले असतां

आपल्या मायबोलींत गर्भारपणासंबंधीं जे प्रयोग रूढ आहेत ते बहुतेक ‘दिवस’ या एका शब्दाभोंवतीं फिरतात, ही गोष्ट आमच्या चोखंदळ वाचकांच्या ध्यानांत आली असेलच. दिवस गेले, दिवस भरत आले, दिवस भरले, दिवस वर गेले. सारा हिशेब काळाचा. हा हिशेब घरांतील लहानथोर सर्व माणसें ठेवितात. परंतु ज्या बाईचे हे दिवस, तिला ते कसे जातात याची विचारपूस मात्र दिवस जसजसे भरत येतात तसतशी कमी होत जाते, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे.

हें विधान कोणास विपरीत वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतों. पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्या होतात, अन्नावर वासना राहत नाहीं, आणि सारें घर हळहळतें. पुढें डोहाळे लागतात. ‘डोहाळा’ शब्दाचें मूळ संस्कृत ‘दोहद’. सुश्रुतानें चौथ्या महिन्यांतील गर्भिणीला दोन हृदयांची मानून तिच्या इच्छा पुरविण्यास सांगितलें आहे, आणि आपल्या घरांतून ती आज्ञा मोठ्या हौसेनें पाळली जाते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, धनुष्यबाण, पेढा कीं बर्फी हा डोहाळजेवणाचा थाट आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. पण पाहुणे गेले, झोपाळ्याचीं फुलें उतरलीं, कीं आपलें कर्तव्य झालें असें घराला वाटूं लागतें. डोहाळ्यांचीं गाणीं आहेत, बारशाचे पाळणे आहेत. मधल्या सहा-आठ आठवड्यांचें गाणें आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. आणि खरें जड ओझें याच आठवड्यांत वाहावयाचें असतें. आजच्या लेखांकांत त्यांचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तारखेचा घोळ निस्तरूं. डॉक्टर जी तारीख लिहून देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे मोजून काढलेली असते. नेगेले नांवाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नांवानें एकोणिसाव्या शतकापासून रूढ झालेला सोपा नियम असा कीं, त्या पहिल्या दिवसांत सात दिवस मिळवावे व नऊ महिने पुढें जावें. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत आल्या. दोन्ही हिशेबांत अंतर काय तें दोन दिवसांचें! परंतु हा सारा अंदाज आहे. पंचांगांतील ग्रहणाच्या वेळेसारखें तें गणित नव्हे. नेमक्या त्याच तारखेस जन्मणारीं बालकें शंभरांत चार-पांचच. सदतीस आठवडे पुरे झाल्यापासून बेचाळीस आठवड्यांच्या आंत केव्हांही बाळंतपण झालें तरी तें पुऱ्या दिवसांचेंच समजतात.

हें एकदां मनांत ठसलें म्हणजे घरांतील अर्धी घालमेल कमी होईल. तारीख उलटली रे उलटली कीं नातलगांचे फोन सुरू होतात. ‘काय, झालं का?’ ‘अजून नाही? आमच्या मुलीला तर आठ दिवस आधीच झालं!’ प्रत्येकाचा हेतु प्रेमाचा असतो. पण दिवसांतून सात वेळां ‘अजून नाही’ असें सांगावें लागणाऱ्या बाईला आपण कोणत्या तरी परीक्षेंत नापास झालों असें वाटूं लागतें. वर्षानुवर्षें मुलांचे निकाल वाचून दाखविलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास ही मुद्रा चटकन ओळखूं येते. तेव्हां घरांतील एका वडील माणसानें हे फोन आपल्याकडे घ्यावे व ‘झालें कीं कळवूं’ एवढेंच गोड शब्दांत सांगावें. तीच गोष्ट पोटाच्या ठेवणीवरून मुलगा कीं मुलगी हें भाकित करणाऱ्यांची. पेढा-बर्फीचा खेळ डोहाळजेवणापुरता ठीक; त्यानंतर घरानें पेढ्याची आशा बोलून दाखविली कीं तिचें ओझें कोणावर पडतें हें सांगणें न लगे. मात्र तारीख उलटल्यावर डॉक्टरांनीं तपासणीस बोलाविलेला दिवस चुकवूं नये. एकेचाळीस आठवड्यांनंतर वाट पाहण्यालाही मर्यादा असते, आणि ती मर्यादा ठरविणें हें डॉक्टरांचें काम, शेजारणीचें नव्हे.

आतां या दिवसांतील बाईची दिनचर्या पाहा. रात्रीं उताणें निजवत नाहीं, आणि निजूंही नये. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर कुशीवर निजणेंच बाळाला हितकारक, असें अलीकडील संशोधनानें दिसून आलें आहे. कुशीवर निजावें तर कंबर भरून येते. छातींत जळजळ होते. दर दोन तासांनीं लघुशंकेस उठावें लागतें. पहांटे कोठें डोळा लागतो, तों स्वयंपाकघरांत भांड्यांचा आवाज सुरू होतो. मग आठ वाजतां उठलेल्या सुनेकडे पाहून कोणी म्हणतें, ‘आमच्या वेळी आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत पाणी भरीत होतो!’ भगिनींनो, तुम्ही पाणी भरीत होतां हें खरें. पण या वेळीं दुसऱ्या कोणीं तरी तें भरावें असें तुम्हांसही तेव्हां वाटत होतें, हेंही तितकेंच खरें नव्हे काय?

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीच्या परिचर्येविषयीं एक सुंदर उपमा आली आहे. तेलानें काठोकाठ भरलेलें पात्र जसें हिंदकळूं न देतां सांभाळावें, तसें तिला सांभाळावें. या उपमेंतील मर्म असें कीं, सांभाळण्याची जबाबदारी पात्रावर नाहीं, पात्र धरणाऱ्यावर आहे. आपण मात्र पुष्कळदां पात्रालाच बजावतों कीं, बाई ग, हिंदकळूं नकोस! जपून चाल, वांकूं नकोस, ओझें उचलूं नकोस असा उपदेश दिवसभर करतों, आणि तें ओझें मात्र तिच्या वाटेंत तसेंच ठेवितों.

पात्र धरणाऱ्यांनीं करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहींत. खालच्या फडताळांतील रोजचे डबे ओट्यावर आणावे. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवावी व रात्रीं तेथला दिवा चालू असावा. पाटावर मांडी घालून जेवण्याचा आग्रह या दिवसांत सोडावा. पाठ टेकेल अशी खुर्ची व पायांखालीं लहानसा चौरंग द्यावा. सण आला तर पुरणाचा घाट व गौरींची उस्तवार इतरांनीं वांटून घ्यावी. वाती वळणें, हार गुंफणें अशी जी हौस तिला असेल तेवढी तिला बसून करूं द्यावी. उलटपक्षीं तिला सर्वस्वीं खाटेला खिळवून ठेवणेंही बरें नव्हे. डॉक्टरांची मनाई नसेल तर सकाळ-संध्याकाळ सपाट वाटेवर सावकाश फिरणें हितावहच आहे. कित्येक सुना नोकरी करणाऱ्या असतात. सन १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठीं पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, व त्यांपैकीं आठ आठवड्यांपर्यंतचा काळ प्रसूतीपूर्वीं घेण्याची मुभा मिळाली. तथापि पुष्कळ मुली तो काळ बाळाच्या सहवासासाठीं राखून ठेवितात आणि जवळजवळ शेवटच्या आठवड्यापर्यंत कचेरींत जातात. अशी सून सायंकाळीं घरीं आली असतां तिच्या हातीं पोळपाट-लाटणें न देतां गरम पाण्याचा तांब्या द्यावा.

आहाराविषयीं थोडक्यांत सांगतों. ‘दोन जिवांसाठी खा’ या आग्रहाचा अर्थ दुप्पट खा असा नव्हे. पोट वर दाबलें गेल्यानें या दिवसांत एका बैठकीस भरपूर जेवण जात नाहीं. चार-पांच वेळां थोडें थोडें खावें. वाटीभर तूप प्यायल्यानें मूल लवकर घसरून येतें ही समजूत फार दृढ आहे. परंतु अन्नाचा मार्ग वेगळा आणि गर्भाशय वेगळें. भातावर नेहमींचें तूप सुखानें वाढावें, त्याहून अधिकाची त्याच्याकडून अपेक्षा करूं नये. कळा याव्या म्हणून एरंडेल पाजण्याचा प्रकार मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून कोणीं करूं नये. जुलाबानें अंगांतील पाणी जातें, आणि नेमक्या बळ लागावयाच्या वेळीं बाई गळून जाते. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेतली असतां तींतील लोह अंगीं लागत नाहीं; ती लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळीं घ्यावी.

येथवर सांगितलें तें सोयीचें. आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी उचलली ती सांगतों. एकत्र कुटुंबांत या दिवसांत सर्वांत मोठा धोका कोणता, असें कोणीं विचारलें तर आमचें उत्तर आहे : भीड. ‘भीड भिकेची बहीण’ अशी म्हण आहे. गर्भिणीच्या बाबतींत ती याहूनही वाईट नात्याची ठरते. सून कितीही शिकलेली असो, रात्रीं दोन वाजतां डोकें ठणकूं लागलें तर शेजारच्या खोलींतील मामंजींची झोपमोड होऊं नये म्हणून ती उजाडण्याची वाट पाहते. सासूबाईंना आदल्या दिवशींचा एकादशीचा उपास, नवऱ्याला सकाळची गाडी पकडावयाची. शिवाय ‘उगीच घाबरली, रुग्णालयांत जाऊन हात हलवीत परत आली’ असें हंसें होईल ही धास्ती निराळीच. मोठ्या घरांत माणसें पुष्कळ म्हणून ती सुरक्षित, असें आपण समजतों. परंतु हांक कोणाला मारावयाची हें ठरलेलें नसेल तर दहा माणसांच्या घरांतही बाई एकटीच असते.

कोणत्या लक्षणांसाठीं वाट पाहूं नये तें घरांतील प्रत्येकास, पुरुषांसही, पाठ असावें. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढें काजवे चमकणें किंवा अंधुक दिसणें, बरगड्यांखालीं पोटाच्या वरच्या भागीं दुखणें, तोंडावर व हातांवर एकाएकीं सूज येणें, हीं गर्भिणीचा रक्तदाब चढल्याचीं लक्षणें असूं शकतात. त्याची पुढची पायरी म्हणजे आंकडी, आणि तींत आई व मूल दोघांचेही प्राण संकटांत येतात. आपल्या घरांतून मात्र या सर्व लक्षणांना एकच नांव आहे, पित्त. आणि त्यावर औषधही एकच, आलेपाक! पित्त होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. पण तें पित्त आहे कीं रक्तदाब आहे हें मापयंत्रानें पांच मिनिटांत कळतें. तर्कानें तें कळत नाहीं. त्याचप्रमाणें अंगावर रक्त जाणें, पाण्याची पिशवी फुटणें, ताप येणें, अथवा बाळाची हालचाल मंदावणें यांपैकीं कांहींही झालें तरी तत्काळ डॉक्टरांस गांठावें.

शेवटच्या लक्षणाविषयीं एक भ्रम विशेष घातक आहे. दिवस भरले म्हणजे जागा अपुरी पडते, म्हणून बाळ हालेनासें होतें, असें चांगल्या अनुभवी बायकाही सांगतात. हें खरें नव्हे. हालचालीची तऱ्हा बदलेल, परंतु ती शेवटपर्यंत, अगदीं कळा सुरू झाल्यावरही, चालू राहावयास हवी. बाळाची रोजची रीत एका आईलाच ठाऊक असते. ‘आज काहीतरी वेगळं वाटतंय’ असें ती म्हणाली तर तपासणी त्याच वेळीं करवावी, सकाळवर टाकूं नये. नैयायिकांनीं प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण मानिलें आहे व अनुमान हें दुसरें. येथें प्रत्यक्ष तिला एकटीलाच आहे. घरांतील इतर सर्वांचें, मग त्यांचीं स्वतःचीं चार बाळंतपणें का झालेलीं असेनात, अनुमानच होय.

आमच्या परिचयांतील एका घरची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. धाकट्या सुनेला नववा महिना, आणि थोरल्या सुनेच्या मुलाची मुंज ठरलेली. घर पाहुण्यांनीं भरलेलें, नांदी दुसऱ्या दिवशीं व्हावयाची. रात्रीं धाकटीनें थोरल्या जावेला हळूच सांगितलें कीं, डोकें फुटून जातें आहे. जाऊ म्हणाली, ‘जागरणाचं पित्त असेल, सुंठ लावून पड.’ ती वाईट मनाची नव्हे. पण नांदीपूर्वीं बाळंतपण झालें तर सोयर येऊन मुंज पुढें जाणार, हा हिशेब घरांतील प्रत्येकाच्या मनांत होता आणि ओठांवर कोणाच्याच नव्हता. हें बोलणें पलीकडे पडलेल्या आजेसासूबाईंच्या कानीं गेलें. त्या उठून बसल्या व म्हणाल्या, ‘मुंजीला मुहूर्त दुसरा मिळेल. आधी गाडी काढा.’ रुग्णालयांत रक्तदाब पाहतांच सुनेला दाखल करून घेतलें व त्याच रात्रीं शस्त्रक्रिया झाली. मायलेकी सुखरूप आहेत. सोयर आलें, मुंज पुढें गेली, स्वयंपाकाचा मोठा बेत मोडला. पण त्या खर्चाबद्दल त्या घरांत कोणीं तक्रार केल्याचें आमच्या कानीं नाहीं.

सन १९९४ मध्यें सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोघां संशोधकांनीं बाळंतपणांतील मृत्यूंचा विचार करतांना विलंबाचे तीन प्रकार सांगितले : उपचारांसाठीं जावयाचें हें ठरविण्यांत होणारा, तेथें पोंचण्यांत होणारा, आणि पोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यांत होणारा. दुसरा विलंब वाटेवर घडतो, तिसरा रुग्णालयांत. पहिला मात्र आपल्या माजघरांत घडतो, आणि तो टाळणें आपल्याच हातीं आहे.

त्याचा उपाय म्हणजे निर्णय आधींच करून ठेवणें. पस्तिसावा-छत्तिसावा आठवडा लागला कीं एके रात्रीं जेवणानंतर सर्वांनीं एकत्र बसावें. कोणत्या रुग्णालयांत जावयाचें? रात्रीं गाडी कोणाची, आणि ती नसल्यास कोणती? रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सर्वांस ठाऊक आहे ना? रक्तगट कोणता, व प्रसंगीं रक्त देणारीं माणसें कोण? तपासणीचे कागद कोणत्या पिशवींत, पैसे कोणाकडे, थोरल्या मुलाजवळ कोण निजणार? हें सर्व ठरवून कागदावर लिहावें. पतिराजांनीं या दिवसांत रात्रीं आपला फोन बंद ठेवूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें, ‘चला’ हा शब्द कोणीं उच्चारावयाचा? आमच्या मतें तो तिनें उच्चारावा, आणि एकदां तिनें उच्चारला म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही संमतीची गरज नसावी. ती संमति कर्त्या पुरुषानें व सासूबाईंनीं आधींच, सर्वांदेखत, देऊन टाकावी. नियमानें येणाऱ्या, वाढत जाणाऱ्या व विश्रांतीनें न थांबणाऱ्या त्या खऱ्या कळा, असें म्हणतात. पण घरच्या घरीं त्यांची पारख दर वेळीं साधेलच असें नाहीं. डॉक्टरांनीं परत पाठविलें तर परत आलेल्या सुनेला कोणीं हंसूं नये. फुकट गेलेल्या दहा खेपा एका चुकलेल्या खेपेहून स्वस्तच पडतात.

पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली जुनी रीत आहे. तिचें एक मोठें शहाणपण आमच्या मतें हेंच कीं, मध्यरात्रीं आईला हांक मारतांना मुलीला विचार करावा लागत नाहीं. ही रीत पाळणाऱ्यांनीं मुलीला नवव्या महिन्यांपर्यंत न थांबवितां, डॉक्टरांच्या सल्ल्यानें आधींच पोंचती करावी, सारे कागद बरोबर द्यावे, व माहेरच्या डॉक्टरांस ते लगेच दाखवावे. जेथें बाळंतपण सासरीं व्हावयाचें तेथें माहेरची ती मोकळीक निर्माण करणें हें सासरच्या वडील माणसांचें काम आहे.

आनंदीबाई जोशी यांचें चरित्र आमच्या वाचकांस परिचित आहे. चौदाव्या वर्षीं झालेला त्यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला, आणि वैद्यक शिकण्याची त्यांची ओढ त्या दुःखांतून बळावली. सन १८८६ मध्यें अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. त्या काळाहून आज पुष्कळ पालटलें आहे. भारतांत २००१-०३ या काळांत लाख जिवंत जन्मांमागें ३०१ माता दगावत. २०१८-२० मध्यें हा आंकडा ९७ वर आला, व महाराष्ट्रांत ३३ वर. औषधें आहेत, शस्त्रक्रिया आहे, रक्तपेढ्या आहेत. परंतु या सर्वांपर्यंत जाण्याचा पहिला उंबरठा अजून घराचाच आहे.

राहतां राहिली खोलीची तयारी. बाळ येण्यापूर्वीं नवी खरेदी करूं नये असा कित्येक घरांतील संकेत आहे. त्यास बाध न आणतांही पुष्कळ करतां येतें. जुनीं मऊ सुती लुगडीं व धोतरें स्वच्छ धुऊन उन्हांत वाळवून त्यांचीं दुपटीं व लंगोट शिवावे. डिंक, खारीक, खोबरें व हळीव निवडून डब्यांत भरून ठेवावें. खोलीला उजेड व वारा असावा. दारें-खिडक्या लावून आंत कोळशाची शेगडी धुमसत ठेवण्याची जुनी चाल मात्र सोडावी, कारण तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. हीं कामें घरांतील आजोबा-आजींनीं आनंदानें करण्याजोगीं आहेत.

परंतु त्यांहूनही आधीं करावयाचें एक काम आहे, आणि त्याला साहित्य कांहींच लागत नाहीं. ज्या घरीं आज कोणाचे दिवस भरत आले असतील तेथील वडील माणसानें निजण्यापूर्वीं तिच्या दाराशीं जाऊन एवढेंच सांगावें : ‘सूनबाई, रात्री कितीही वाजता काही वाटलं तर हाक मार. झोपमोडीचा विचार करू नकोस.’ आणि हें एकदांच सांगून थांबूं नये. भीड एका रात्रींत मोडत नाहीं. बाळाचा आवाज घरांत ऐकूं येईपर्यंत रोज रात्रीं सांगत जावें.